अंगठा आणायला पासलीला गेले त्याची हकीकत

वन्सं, आधी माफी मागते. माझं ऱ्हस्वदीर्घ धड नाही आणि अक्षर म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून पळाल्यासारखं. मराठी चौथीपर्यंत शिकले, तेही भोरला मामाकडे राहून. त्यानंतर लिहायचं म्हणजे वाण्याची यादी. पण माझ्यामागे तुम्ही घर पाहिलंत, गाय पाहिलीत, आणि मी परत आल्यावर हौसेने विचारलंत, "काय काय पाहिलंस गं?" तेव्हा मी नुसतं "डोंगर" म्हटलं आणि चुलीकडे वळले. माझं असंच होतं. तोंडाने दोन शब्दांच्या पुढे जात नाही. म्हणून लिहिते. तुम्ही वेल्ह्याकडे कधी गेला नाहीत, तर तिकडचं थोडं डोळ्यापुढे येईल. मधे मधे माझ्या मनातलं काळंबेरंही आलं आहे. वाचून झालं की कागद चुलीत घाला.

बहिणीला भेटायला जाते असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, पण पुरतंही नव्हतं. मी तिचा अंगठा आणायला गेले होते.

माझी धाकटी बहीण ठकी तुम्ही माझ्या लग्नात पाहिली आहे. मांडवाच्या खांबांना आंब्याच्या डहाळ्या बांधत होती आणि सगळे पाव्हणे नवरी सोडून त्या खांबांकडे बघत होते, तीच. आम्ही लहान असताना मामा आमच्यातली एक मुलगी शिकायला न्यायची म्हणून आला, तेव्हा आई म्हणाली, "ठकी राहू द्या, तिच्या हातात काम हाय. थोरलीला न्या." मी शाळेत गेले ती अशी. लोक म्हणतात नशीबवान. मला मात्र आईचं ते वाक्य अजून तसंच ऐकू येतं.

ठकीला वेल्ह्याच्या पलीकडे पासलीला दिली. तिकडे भात, पाऊस आणि डोंगर. भातलावणीला बायका इरलं घेतात ते तुम्हाला माहीत आहे. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर पळसाची पानं, होडी पालथी घातल्यासारखं पाठीवर. ओणवं असेपर्यंत ठीक. उभं राहिलं की वारा धरतं, बांधावर ठेवलं तर उडतं, खुंटीला टांगलं तर अर्धी भिंत खातं. ठकीने काय केलं, तर इरल्याचे मधोमध कण्यावर दोन भाग केले आणि ते वाखाच्या दोरीने जोडले. मिटलं की काखेत बसतं. अर्धं उघडून बांधावर ठेवलं की पोथी पालथी घातल्यासारखं उभं राहतं, आणि त्याच्याखाली पोर कोरडं झोपतं. तिचं पहिलं पोर पावसात भिजून फार आजारी पडलं होतं. त्याच्यानंतर तिने हे काढलं.

दिवाळीला तिने असं एक इरलं मला धाडलं. हे ज्यांच्याकडे कारकुनी करतात त्या आपल्या वकीलसाहेबांच्या ओसरीवर ह्यांनी ते नेऊन टांगलं. तिथे कामासाठी आलेल्या पुण्याच्या एका छत्रीवाल्या शेटजींनी ते उघडमीट करून पाहिलं, आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

ह्यांनी मला रात्री जेवताना समजावून सांगितलं. "पेटंट म्हणतात त्याला. सरकारात वस्तू नोंदवायची. मग ठरलेली वर्षं ती दुसऱ्या कुणी करायची नाही, विकायची नाही. केली तर भरपाई द्यावी लागते."

"आणि ती वर्षं संपल्यावर?"

"मग ती सगळ्या जगाची."

"आणि तोवर?"

"तोवर ज्याच्या नावाचा कागद, त्याची. शेटजी खर्च करणार, नोंदणी करणार, कापड लावून हजारांनी करणार. असा हक्क नसेल तर कोण पैसा घालील? आज त्यांनी काढावं आणि उद्या शेजारच्या दुकानदाराने तेच मांडावं?"

हे मला पटलं. पटायला कारण होतं. मी क्रोशाची एक किनार काढली होती, उंबराच्या फळांसारखे घोस येतात अशी. कुणाची बघून नाही, माझ्या मनाने. कचेरीतल्या एका बड्या अधिकाऱ्याच्या बाईसाहेबांनी ती "एका रात्रीपुरती बघायला" म्हणून नेली. चार महिन्यांनी बायकांच्या एका मासिकात ती छापून आली, खाली बाईसाहेबांचं नाव. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं, सर्व हक्क स्वाधीन. मी ह्यांना अर्थ विचारला. "म्हणजे विचारल्याशिवाय दुसऱ्या कुणी हे छापायचं नाही."

"मीसुद्धा नाही?"

"तूसुद्धा नाही."

तेव्हापासून देवळात कुणाच्या पदराला ती किनार दिसली की मी दर्शन न घेता मागे फिरते.

तर शेटजींनी चाळीस रुपये इसार दिला, आणि त्यातले वीस आमच्या छपराच्या कौलांत गेले. ती कौलं तुमच्या डोक्यावरच आहेत. बदल्यात ठकीने वस्तूचा हक्क शेटजींना लिहून द्यायचा, त्या कागदावर तिचा अंगठा हवा होता. ह्यांना कोर्टाची तारीख, म्हणून मी. निघताना मी विचारलं, "कागदावर नाव कुणाचं घालायचं?" हे म्हणाले, "ज्याच्या डोक्यातून निघालं त्याचं. ठकीचं." मी पिशवीत कागद, शाईची डबी आणि साखरेची पुडी घातली आणि वाटभर त्या एका नावाचा विचार केला.

नसरापूर ते वेल्हे

मोटारीचं काही सांगत नाही. नसरापूरपर्यंत पदर नाकाला लावून बसले होते, एवढंच. तिथे ह्यांनी ठरवून दिलेली बैलगाडी उभी होती, वरव्याचे तात्या मिठाची आणि गुळाची पोती घेऊन वेल्ह्याला निघालेले. त्यांनी मला पोत्यांच्या मधे जागा करून दिली आणि कोसभर वाट पाहिली की ही काही बोलेल. मग म्हणाले, "ताई, माज्याशी न्हाई बोललात तरी चालंल. पर बैलांशी बोला. गप माणूस बसलं की त्यास्नी वाटतंय गाडी रिकामी हाय, आन ती पळत्यात."

मी हसले, पण बैलांशीही बोलले नाही.

गुंजवणीचा काठ धरून वाट जाते. पावसाआधीचे दिवस, त्यामुळे नदी म्हणजे गोट्यांमधलं पाणी. दोन्ही बाजूंना शेतात भाताच्या रोपांसाठी राब भाजलेले काळे चौकोन, जणू कुणी तवे मांडून ठेवलेत. आपल्याकडे भोरातून डोंगर दिसतो तो लांबचा, चित्रातला. इथे तो वाटेवर येऊन उभा राहतो. राजगड डावीकडे आला तो बराच वेळ हललाच नाही.

मार्गासनीजवळ उतारावर डावा बैल पाण्यात बसला. तात्यांनी त्याला हाका मारल्या, त्याच्या आईबापाचं नाव काढलं, शेपूट पिळली. बैल डोळे मिटून पाण्यात. "आता ह्येची आंगोळ झाल्याबिगर उठायचं न्हाई," म्हणून तात्या स्वतःच तंबाखू मळत बसले. मी सावली बघून एका घराच्या ओटीशी गेले.

ओटीवर एक बाई इरलं विणत होती. मधोमध कणा. दोन भाग.

अनोळखी माणसाशी मी आपण होऊन बोलत नाही, पण तेव्हा बोलले. "हे कुठं शिकलात?"

"ह्ये? पासलीच्या ठकीचं इरलं हाय. तुमास्नी ठावं न्हाई? कुठल्या तुमी?"

"भोरची."

"मग बरुबर," ती कामटी दातात धरून म्हणाली. "भोरात समदं उशिरानं पोचतंय."

मी तिची बहीण आहे असं मी सांगितलं नाही. पाण्याचा तांब्या मागितला, प्याले आणि गाडीत येऊन बसले. वन्सं, खरं लिहिते, पोटात आधी आलं ते भय नव्हतं. कागदावर लिहिलं होतं की ही वस्तू आजवर कुणाला दिली नाही, आणि इथे ती परक्या ओटीवर होत होती, तर भय वाटायला हवं होतं. ते नंतर आलं. आधी आलं ते असं, की मार्गासनीच्या बाईला ठकीचं नाव माहीत आहे. ठकी मार्गासनीला कधी आलेलीसुद्धा नाही. आणि माझी किनार भोरातल्या निम्म्या पदरांवर आहे, पण आमच्या आळीबाहेर माझं नाव कुणाला येत नाही.

वेल्ह्याला मुक्काम तात्यांच्या भाचीकडे. नाचणीची भाकरी, हुलग्याचं माडगं आणि करवंदाची चटणी. आपल्याकडे माडगं आजाऱ्याला देतात, इथे ते पाव्हण्याला देतात, वरून तुपाची धार सोडून. मी दोनदा घेतलं. भाचीच्या दारातही मिटतं इरलं टांगलेलं. त्याला मागच्या बाजूने पानांची झालर होती, म्हणजे ओणवं झाल्यावर मानेवर पाणी उतरत नाही.

"ही झालर ठकीची का?" मी विचारलं.

"छ्या. ही आमची. ठकीला म्हाईत बी नसंल."

मला त्या रात्री फार चांगली झोप लागली.

पासली

सकाळी तोरणा उजाडायच्या आधीच काळा दिसत होता आणि मग वरून खाली उजळत आला. पासलीकडे जाणाऱ्या बायकांच्या मागून मी चालले. त्यांच्या डोक्यावर मीठ, माझ्या हातात पिशवी, तरी त्या पुढे आणि मी मागे. चढावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. एका बाईने करवंदीच्या जाळीतून वेल ओढून तो बांधून दिला आणि म्हणाली, "भोरची चप्पल सारवलेल्या ओटीवर चालायला शिवत्यात वाटतं." मी ती वेलीची चप्पल घालूनच घरी आले, तुम्ही पाहिलीत.

ठकी दारात होती. कडेवर धाकटं पोर. "आक्का!" म्हणून ओरडली ती इतकी, की शेजारची गुरं उठली. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण हात आईसारखे झालेत. तिच्या सासूबाईंनी माझी अलाबला घेतली आणि पहिलाच प्रश्न केला, "काम काय काढलंसा?" उगाच एवढा डोंगर कुणी चढत नाही, हे त्यांना लगेच कळलं होतं.

मी ठकीला सगळ्यात आधी काय सांगावं? वेल्ह्याची झालर. का, ते मला ठाऊक आहे. मला तिचा चेहरा उतरलेला बघायचा होता. "तुझ्या इरल्याला वेल्ह्यात सुधारणा केली आहे," मी म्हटलं. "मानेवर पाणी उतरत नाही. तू ते केलं नव्हतंस."

"मागनं? पानं कशी लावल्यात, उभी का आडवी?" तिने पोर माझ्या मांडीवर टाकलं, इरलं ओढलं, आणि मी पाणी पिऊन होईतो झालर लावून डोक्यावर घेऊन अंगणात ओणवी झाली. "आत्याबाई, वता पाणी!" सासूबाईंनी कळशी ओतली. पाणी मानेवर आलं नाही. ठकी टाळ्या पिटत होती. चेहरा उतरला तो माझा.

दुपारी मी आधी मार्गासनीच्या बाईचं बोलणं सांगितलं, आणि मग कामाचं. ठकीचे मालक बैलांचं दावं वळत होते, ते थांबले. "चाळीस?" एवढंच म्हणाले, पण दावं हातातून सुटलं. त्यांचा एक बैल त्या साली मेला होता, म्हणून गोठा अर्धा रिकामा होता.

सासूबाई कडाडल्या. "अंगठा? अंगठा दिला की जमीन जाती. माज्या सासऱ्यानं एकदाच दिला हुता."

"जमिनीचा नाही आत्याबाई, इरल्याचा."

"इरलं काय सातबाऱ्यावर हाय?"

ठकी मात्र नीट ऐकत होती. "म्हंजी नुसतं त्यो शेटजी करणार. आन हितं आवलीनं केलं तर?" आवली म्हणजे तिची शेजारीण, तीही दारात येऊन टेकली होती.

हे मला ह्यांनी सांगून ठेवलं होतं. "इथं नाही धरणार. हे संस्थान आहे. तो कायदा खालशातला, म्हणजे इंग्रजांच्या मुलखातला. पलीकडं शिवापूरला, पुण्याला कुणी करून विकलं तर मात्र भरपाई."

"आवलीचं म्हायेर शिवापूर हाय," ठकी म्हणाली. "म्हंजी हद्द आली की तिनं डोक्यावरनं काडून ठिवायचं का?"

"आन परत येताना घालायचं," आवली म्हणाली. "जकातनाक्यावर सांगीन, बाबा, ह्ये इरलं निम्मंच माजं हाय." सगळ्या हसल्या.

मला राग आला. मी म्हटलं, आणि जरा मोठ्यानेच म्हटलं, "हसू नका. तुम्हाला माहीत नाही. आपल्या हातचं दुसरं कुणी उचलून नेतं आणि त्यावर आपलं नाव घालतं, तेव्हा कळतं. कागद असला तर नेता येत नाही. तू हे सगळ्यांना शिकवलंस तरी का?"

ठकीला तो प्रश्नच कळला नाही, असं मला वाटलं. मग तिने सांगितलं. तिकडे लावणी सावडीने होते. आज सगळ्या बायका ठकीच्या खाचरात, उद्या त्याच सगळ्या आवलीच्या. मजुरी नाही, फेड कामाने. रांग धरून मागे सरकत लावायचं. "आक्का, रांगंत माजं एकटीचं इरलं चांगलं असून काय करू? आवली भिजून कुडकुडायला लागली की तिचा हात मागं पडतो. तिचा पडला की रांग थांबती. मी कोरडी हुबी ऱ्हाऊन काय बगत बसू? आन तिची पोरगी बी बांधावरच निजती की." पोराचं नाक पुसत म्हणाली, "आन नाव काय कुणी नेलं न्हाई. तूच म्हनालीस, मार्गासनीला बी घेत्यात."

ते खरं होतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं. माझ्या किनारीवर छापील हक्क आहे, पण तो माझा नाही. हिच्या इरल्यावर काहीच छापलेलं नाही, आणि सगळा मावळ हिचं नाव घेतो.

दुसऱ्या दिवशी तिने मला इरलं करायला शिकवलं. कामट्या मला जमल्या नाहीत, बोटं चिरली. पण कण्याची दोरी माझ्या हातात आली तेव्हा मी पाहिलं, ती नुसती गुंडाळलेली होती. उघडमीट करून ती घासते आणि श्रावणापर्यंत तुटते, असं ठकीच म्हणाली. मी काही न बोलता पिशवीतली क्रोशाची सुई काढली आणि वाखाचा साखळीचा टाका घालत गेले, आपण किनारीचा पाया घालतो तसा. साखळी वळते, घासत नाही. उघडलं, मिटलं, उघडलं. कुरकुर नाही की काही नाही.

ठकीने ते हातात घेतलं. उलटसुलट पाहिलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. वन्सं, मला आयुष्यात एवढंच हवं होतं, की ठकीने माझ्या हातच्या कामाकडे असं बघावं. आणि मी सांगणार होते की हे आपल्या दोघींतच राहू दे. सांगायच्या आत ती अंगणाबाहेर.

"आवले! ये आवले! बग माज्या आक्कानं काय काडलंय!"

अंगणात बायका गोळा झाल्या. सुई एकच, म्हणून त्यांनी बाभळीचे काटे आणि बांबूच्या काड्या घासून आकडे केले. मला मधे बसवलं. पहिल्यांदा माझा आवाजच फुटेना, मग नुसत्या हाताने दाखवत गेले. मला ते आवडत होतं आणि प्रत्येक आकड्यागणिक वाटत होतं की माझं काहीतरी कमी होतंय. संध्याकाळी त्या आळीत कण्याला साखळी नाही असं इरलं राहिलं नव्हतं. आवली म्हणाली, "ह्यो भोरकरणीचा टाका." मी खाली मान घालून बसले, पण ते शब्द मी बरोबर आणले आहेत.

निघायच्या सकाळी ठकी म्हणाली, "आण त्यो कागद."

"अगं, पण तू..."

"तुज्या घरावर कौलं चडली न्हवं त्या पैशातनं? कालच्याला तुज्या तोंडातनं निसटलं. मग? तुजं घर काय उतरवायचं? आण." मालक म्हणाले, "व्हय, द्या आक्का," आणि गोठ्याकडे बघत राहिले. सासूबाई पाठ फिरवून बसल्या.

मी शाईची डबी उघडली. कागद वाचून दाखवला. ही वस्तू माझ्या एकटीच्या कल्पनेची असून मी ती आजवर कोणासही दिलेली अथवा शिकविलेली नाही, व यापुढे देणार अथवा शिकविणार नाही. अंगणभर इरली वाळत घातलेली होती. आवली म्हणाली, "आमी काय मेलो का मग?" पण कुणी हसलं नाही.

ठकीने अंगठा शाईत बुडवला. कागदावर आणला. मी तिचं मनगट धरलं.

तुम्हाला वाटेल मायेने धरलं, किंवा खोट्याची भीती वाटली. तसं लिहिता आलं असतं. पण मी त्या वाक्यातलं "एकटीच्या" वाचलं होतं. वाळणाऱ्या प्रत्येक इरल्याच्या कण्यात माझा टाका होता, वेल्ह्याच्या भाचीची झालर होती, आणि कागदावर नाव नुसतं ठकीचं. ते मला बघवेना. मी कागदाची घडी घातली.

"मग आता ह्या शाईचं काय करू?" ठकीने काळा अंगठा वर धरून विचारलं. मग माझ्यासाठी केलेलं इरलं ओढलं आणि त्याच्या कण्याच्या कामटीवर अंगठा दाबला. "ह्ये घेऊन जा. भोरात समदं उशिरानं पोचतंय म्हनं."

परत भोर

हे दारातच म्हणाले, "आणलास अंगठा?" मी इरलं पुढे केलं. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, ते तुम्ही पाहिलंत. तुम्हाला वाटलं कोर्टाची काळजी.

मग वकीलसाहेबांनीच त्यांना सांगितलं, की जी वस्तू आधीच चारचौघांत उघड वापरात आहे तिला नवी म्हणत नाहीत, आणि नवी नाही तिचं पेटंट नाही. ठकीने पाचही बोटं उठवली असती तरी उपयोग नव्हता. शेटजींचं पत्र आलं, इसार परत करा. वीस रुपये होते ते ह्यांनी दिले. वीस कौलांत होते.

तेव्हा मी म्हटलं, "मी करते इरली." आणि लगेच मनात आलं, कागद झाला असता तर मला ही शिवापूर-पुण्याकडे विकता आली नसती. विकायची तर ठकीला नव्हे, शेटजींना विचारून. आता कुणालाच विचारायचं नव्हतं. कामट्या बुरुडाकडून घेतल्या, बाकी तुम्ही आणि मी. तुमची बोटंसुद्धा चिरली. बाजारच्या दिवशी पदर डोळ्यांपर्यंत ओढून मी वेशीपाशी बसले आणि पहिल्या दिवशी किंमत विचारली तर सांगताही येईना, बोटं दाखवली.

एक दिवस त्याच बाईसाहेब आल्या. गड्यांसाठी म्हणून तीन इरली घेतली. उघडमीट करत म्हणाल्या, "किती छान. कुणाची गं ही कल्पना?"

मी पदर मागे केला. "इरलं माझ्या बहिणीचं. झालर वेल्ह्याची. टाका माझा." त्यांनी कण्याच्या साखळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "तुझा हात ओळखीचा वाटतो." मी म्हटलं, "असेल." एवढंच. पण घरी येऊन मी ती मासिकातली किनार पुन्हा विणायला घेतली. विणायला कुणाचं काय जातं.

पुढच्या बाजारी माझ्या शेजारी आंबवड्याची एक बाई बसली. मिटती इरली, साखळीचा टाका, आणि माझ्यापेक्षा दोन आणे कमी. वन्सं, माझ्या अंगाची आग झाली. मी दिवसभर तिच्याकडे बघितलं नाही. संध्याकाळी बघितलं, तर तिने टोकाला कापडाची पट्टी घातली होती, पानं फाटू नयेत म्हणून. रात्री मीही घातली. तुम्ही विचारलंत, हे कुठं सुचलं? मी उत्तर दिलं नव्हतं. आता दिलं.

काल शेटजी स्वतः आले, वकीलसाहेबांकडे काम होतं म्हणून. तुम्ही देवळात होता. मी आतून फडक्यात बांधलेली नाणी आणून ह्यांच्या हातात दिली. शेटजींनी पाटावर मांडून मोजली, आणि मोजताना त्यांची नजर सारखी भिंतीवर. ठकीच्या अंगठ्याचं इरलं तिथेच आहे, ते मी विकलं नाही. शेवटी उठून त्यांनी ते खाली काढलं, चारदा मिटलं.

"बाई, हा टाका कसा घालतात? आमच्या कारागिरांना जमत नाही, दोरी तुटते."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. लपवायची मला फार इच्छा झाली. पण ते लपवण्यासारखं राहिलं नव्हतं, पासलीच्या शेंबड्या पोरींनाही येत होतं. म्हणून मी म्हटलं, "पासलीला जावं लागेल. आषाढात. सावडीत एक दिवस रांगेला उभं राहिलं की शिकवतात. पैसे घेत नाहीत."

शेटजी हसायचं की नाही ते ठरवत राहिले. मग त्यांनी नाणी थैलीत भरली, इरलं पुन्हा खुंटीला लावलं आणि ह्यांना म्हणाले, "वीस आधीचे, वीस हे. पुरते फिटले."